वाचकांचे प्रश्न : पायरेटेड गेमसोबत संगणकात काय शिरते?

पायरेटेड गेम आणि त्यांतून पसरणारे मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, या विषयावर सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. बहुतेकांच्या मनातला प्रश्न एकच आहे : हा गेम कायदेशीर नाही हे ठाऊक आहे, पण तो सुरक्षित आहे की नाही हे कसे ओळखावे? कायदा आणि नीती यांचा विचार पत्रलेखकांनी आपापल्या परीने केलेला दिसतो, म्हणून येथे सुरक्षिततेपुरतेच बोलू. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : एका मोठ्या गेमची क्रॅक केलेली प्रत डाउनलोड केली. सोबतच्या सूचनांमध्ये 'अँटिव्हायरस चुकीचा इशारा देईल, तो आधी बंद करा' असे लिहिले होते आणि फाइल उघडताच खरोखरच इशारा आला. मित्र सांगतात की क्रॅकवर असे इशारे येतातच, त्यांना काही अर्थ नसतो. हे कितपत खरे आहे?

मित्रांच्या म्हणण्यातला पहिला भाग खरा आहे, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. गेमच्या मूळ प्रोग्रॅममध्ये परवाना तपासणारा एक भाग असतो. क्रॅक करणारा तो भाग निकामी करतो, किंवा गेमच्या दुकानाशी संपर्क साधणारी मूळ डीएलएल फाइल काढून, विचारले की 'परवाना आहे' असे खोटे उत्तर देणारी स्वतःची फाइल तिच्या जागी ठेवतो. आपली करामत इतरांनी उलगडून पाहू नये म्हणून ती फाइल बऱ्याचदा पॅक किंवा एन्क्रिप्ट केलेली असते. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये फेरफार करणे, चालू प्रोग्रॅमच्या मेमरीत ढवळाढवळ करणे, स्वतःचा कोड लपवणे आणि फाइलवर कोणाचीही डिजिटल स्वाक्षरी नसणे, ही सगळी लक्षणे मालवेअरचीही असतात. त्यामुळे ज्या क्रॅकमध्ये दुसरे काहीही लपवलेले नाही त्याच्यावरही अँटिव्हायरस बोट ठेवतो. विंडोजसोबतच येणाऱ्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या अँटिव्हायरसमध्ये तर अशा साधनांसाठी 'हॅकटूल' नावाचा वेगळा वर्गच आहे.

परंतु यावरून इशाऱ्याला अर्थ नसतो असे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की या एका प्रकारच्या फाइलीबाबत इशाऱ्यावरून तुम्हाला काहीही ठरवता येत नाही. घरी येणारा अनोळखी माणूस 'आधी कुत्रा बांधा' म्हणतो तेव्हा तो कुत्र्याला भितो म्हणून म्हणतो की त्याचा हेतू वेगळा आहे म्हणून, हे दाराच्या आतून कळायला मार्ग नसतो. मालवेअर पसरवणाऱ्याला हीच परिस्थिती सोयीची असते. एरवी अँटिव्हायरसला चुकवण्यासाठी त्याला बरीच डोकेफोड करावी लागली असती. येथे ते काम खेळणारा स्वतःच्या हाताने, आणि तेही आनंदाने करून देतो. इन्स्टॉलर चालवताना प्रशासकाची, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागितली जाते. गेमच्या इन्स्टॉलरला ती लागणे नेहमीचेच असल्याने तीही विचार न करता दिली जाते, आणि मग प्रणालीत पाहिजे ते बदल करण्याची मोकळीक त्या प्रोग्रॅमला मिळते.

काही सूचनांमध्ये अँटिव्हायरस पूर्ण बंद करण्याऐवजी गेमचे फोल्डर तपासणीतून वगळायला सांगितलेले असते. हे त्यातल्या त्यात सौम्य वाटते. पण वगळलेले फोल्डर पुढे कायमचे वगळलेलेच राहते, आणि तिथे नंतर येऊन पडणारी फाइलही तपासली जात नाही. पासवर्ड घातलेल्या झिप किंवा आरएआर फाइलीबाबतही सावध असावे. पासवर्ड शेजारीच लिहून दिलेला असेल, तर गुप्तता राखणे हा त्याचा उद्देश असू शकत नाही. डाउनलोड होताना ब्राउझरला, ईमेल सेवेला किंवा अँटिव्हायरसला फाइलीच्या आत डोकावता येऊ नये, हा त्याचा उपयोग उरतो. तिसरी युक्ती म्हणजे लहानशा घातक फाइलीत निरर्थक माहिती भरून ती शेकडो मेगाबाइटपर्यंत फुगवणे. अनेक तपासणी सेवा ठरावीक आकारापलीकडच्या फाइली स्वीकारत नाहीत, आणि गेमची फाइल मोठी असण्याचे कोणालाच आश्चर्य वाटत नाही.

इशाऱ्यात 'हॅकटूल' किंवा 'क्रॅक' असे लिहिलेले असेल तर धोका कमी आणि 'ट्रोजन' किंवा 'स्टीलर' असेल तर जास्त, असा आडाखा काही जण वापरतात. त्यात थोडे तथ्य आहे, पण नाव सौम्य आले म्हणून निर्धास्त व्हावे इतके नाही. एकाच फाइलीत क्रॅक आणि ट्रोजन दोन्ही असू शकतात, आणि अँटिव्हायरसला त्यांतले जे आधी सापडते त्याचे नाव तो सांगतो.

प्रश्न : मी केवळ हजारो सीडर (फाइल पुढे वाटणारे लोक) असलेले टोरेंट घेतो, अनुभवी लोकांनी चांगले म्हटलेले रिपॅक (क्रॅकसह दाबून लहान केलेली गेमची प्रत) निवडतो आणि फाइलीचा हॅश (तिच्या मजकुरावरून काढलेला ओळख-अंक) जुळवून पाहतो. एवढी काळजी पुरेशी नाही का?

हॅश जुळला याचा अर्थ, जी फाइल कोणी तरी तयार केली तीच, एकही बिट न बदलता तुमच्यापर्यंत पोहोचली. त्या फाइलीत काय आहे याविषयी हॅश काहीच सांगत नाही. मूळ फाइलीतच मालवेअर असेल तर तेही तितक्याच अचूकपणे पोहोचते. टोरेंटमध्ये लोक एकमेकांकडून फाइलीचे तुकडे घेतात, आणि त्याची रचना फाइल वाटेत बिघडू नये यासाठी आहे. ती तयार करणाऱ्याची पारख करणे हे तिचे काम नाही.

सीडरच्या संख्येचेही तसेच. ते सगळे तुमच्यासारखेच खेळणारे आहेत. त्यांचा गेम चालला, म्हणून त्यांनी तो पुढे वाटला. चांगले मालवेअर, म्हणजे त्याच्या कर्त्याच्या दृष्टीने चांगले, गेम चालण्यात कधीच अडथळा आणत नाही, आणि म्हणून 'माझ्याकडे उत्तम चालतो' ही प्रशंसा प्रामाणिक असूनही निरुपयोगी ठरते. वेळ हा आणखी एक मुद्दा आहे. कॅस्परस्की या संगणक सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२५मध्ये 'स्टारीडोब्री' नावाच्या मोहिमेची माहिती प्रसिद्ध केली. बीमएनजी ड्राइव्ह, गॅरीज मॉड, डायसन स्फिअर प्रोग्रॅम, युनिव्हर्स सँडबॉक्स अशा लोकप्रिय गेमचे रिपॅक सप्टेंबर २०२४मध्येच टोरेंट संकेतस्थळांवर चढवले गेले होते, मात्र त्यांतले मालवेअर कार्यान्वित झाले ते ३१ डिसेंबर २०२४ रोजी. मधल्या काळात ज्यांनी हे गेम खेळून चांगले अभिप्राय दिले असतील, त्यांच्यापैकी कोणीही खोटे बोलत नव्हते.

राहिला प्रश्न नावाजलेल्या रिपॅक करणाऱ्यांचा. समजा, एखादी व्यक्ती खरोखरच निरुपद्रवी रिपॅक बनवते. तिच्या नावाची हुबेहूब नक्कल करणारी संकेतस्थळे शोधयंत्रात तिच्याच शेजारी दिसतात, आणि मूळ व्यक्ती निनावी असल्याने, शिवाय तिचा व्यवसायच बेकायदा असल्याने, या नकलांविरुद्ध ती कुठे दादही मागू शकत नाही. खरे कोणते आणि नक्कल कोणती हे सांगणारी अधिकृत जागा या जगात नाही.

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या मुलाचे ईमेल आणि गेमचे खाते एकाच रात्रीत दुसऱ्याच्या ताब्यात गेले. दोन्हींवर दोन टप्प्यांची पडताळणी चालू होती आणि त्याने ओटीपी कोणालाही सांगितलेला नाही. आदल्या दिवशी त्याने एक क्रॅक केलेला गेम डाउनलोड केला होता; पण तो चालूच झाला नाही, म्हणून लगेच काढून टाकला. यांचा काही संबंध असू शकतो का?

संबंध असण्याची शक्यता मोठी आहे. 'गेम चालूच झाला नाही' हे या प्रकाराचे अगदी ओळखीचे लक्षण आहे. कित्येकदा त्या फाइलीत गेम नसतोच. दोनदा टिचकी मारल्यावर एखादी त्रुटी दाखवणारी चौकट येते, किंवा काहीच घडत नाही, आणि तेवढ्यात काम उरकलेले असते.

हे काम करणाऱ्या मालवेअरला इन्फोस्टीलर म्हणतात. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कुकी, अर्जांत आपोआप भरली जाणारी माहिती, कार्डांचे तपशील, क्रिप्टो वॉलेटच्या फाइली, डिस्कॉर्ड हे गप्पांचे ॲप आणि स्टीम हे गेमचे ऑनलाइन दुकान यांच्या लॉगिनच्या खुणा, असे सगळे गोळा करून तो बाहेर पाठवतो. याला काही मिनिटे पुरतात, आणि त्यानंतर काही इन्फोस्टीलर स्वतःलाच पुसून टाकतात. म्हणून गेम काढून टाकल्याने किंवा नंतर तपासणी केल्याने गेलेली माहिती परत येत नाही, आणि तपासणीत काही सापडेलच असेही नाही.

आता ओटीपीचे कोडे. एखाद्या सेवेत तुम्ही पासवर्ड आणि ओटीपी देऊन प्रवेश केला की ती सेवा ब्राउझरकडे एक कुकी ठेवायला देते. पुढच्या वेळी ब्राउझर ती कुकी दाखवतो आणि सेवा काहीही न विचारता आत घेते. रोज रोज ओटीपी मागितला जात नाही तो यामुळेच. ही कुकी दुसऱ्याच्या संगणकावर नेऊन ठेवली, तर सेवेच्या दृष्टीने तो संगणक आधीच आत आलेला असतो. दोन टप्प्यांची पडताळणी दारावर उभी असते, आणि येथे कोणी दारातून आलेच नाही. ती निरुपयोगी आहे असा मात्र याचा अर्थ नव्हे. चोरीला गेलेल्या नुसत्या पासवर्डविरुद्ध ती आजही उत्तम काम करते. कुकीच्या चोरीला आळा घालण्यासाठी गूगलने जुलै २०२४मध्ये क्रोमच्या १२७व्या आवृत्तीत विंडोजसाठी नवे कूटीकरण आणले. काही महिन्यांतच प्रमुख इन्फोस्टीलरांनी त्यालाही वळसा घातला.

अनेक पालकांना असे वाटते की आपण प्रशासकाची परवानगी दिली नव्हती, म्हणजे मोठे नुकसान झाले नसावे. इन्फोस्टीलरला तिची गरजच नसते. तुमच्या ब्राउझरची माहिती तुमच्याच खात्याच्या फोल्डरमध्ये असते, आणि तुम्ही सुरू केलेला प्रोग्रॅम तुमच्याच अधिकारात चालतो. घरातले सगळे एकाच विंडोज खात्यावर काम करत असतील, तर मुलाच्या एका टिचकीत आईवडिलांच्या बँकेच्या आणि कार्यालयाच्या खात्यांचाही समावेश होतो. मुलासाठी वेगळे, प्रशासकीय अधिकार नसलेले खाते करून देणे हा याबाबतीतला सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याने मुलाची स्वतःची खाती वाचत नाहीत, पण इतरांच्या फोल्डरपर्यंत पोहोचणे बरेच अवघड होते.

या धंद्यात शिरायला फारसे कौशल्य लागत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. इन्फोस्टीलर तयार करणारे लोक तो मासिक शुल्कावर भाड्याने देतात. भाडेकरू तो गेम, क्रॅक किंवा चीट (गेममध्ये फसवून जिंकायला मदत करणारा प्रोग्रॅम) यांच्या नावाखाली पसरवतो, आणि गोळा झालेल्या माहितीचे गठ्ठे पुढे विकले जातात. यांतला 'लुमा' हा एक मोठा इन्फोस्टीलर. मे २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने इतर कंपन्या आणि अनेक देशांतील तपासयंत्रणांच्या मदतीने त्याच्या जाळ्यावर कारवाई केली. त्याआधीच्या दोन महिन्यांत जगभरातील ३,९४,००० विंडोज संगणकांना त्याची लागण झाल्याचे कंपनीने सांगितले. त्यापूर्वी, ऑक्टोबर २०२४मध्ये, 'रेडलाइन' आणि 'मेटा' या इन्फोस्टीलरांवर आंतरराष्ट्रीय कारवाई झाली होती.

मुलाला रागावू नका, असे सांगण्याचा अधिकार या सदराला नाही. पण त्याने गेम डाउनलोड केल्याचे दुसऱ्याच दिवशी तुम्हाला सांगितले म्हणून निदान कारण तरी कळले, एवढे ध्यानात घ्यावे. पुढे काय करायचे ते शेवटून दुसऱ्या प्रश्नात सविस्तर दिले आहे.

प्रश्न : गेम बंद असतानाही संगणकाचा पंखा जोरात फिरतो, पण टास्क मॅनेजर उघडून पाहिल्यास काहीच वावगे दिसत नाही. हा मायनर असू शकतो का?

मायनर म्हणजे मालकाच्या नकळत त्याच्या संगणकावर क्रिप्टो चलन कमावणारा प्रोग्रॅम. तो असू शकतो, आणि टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणारे विंडोजचे साधन, उघडताच पंखा शांत होत असेल तर संशय अधिक बळावतो. वर उल्लेख केलेल्या स्टारीडोब्री मोहिमेतला मायनर टास्क मॅनेजर चालू झाल्याचे दिसताच स्वतः बंद होत असे. तो फक्त आठ किंवा अधिक कोर असलेल्या प्रोसेसरवरच काम सुरू करी, यावरून गेम खेळणाऱ्यांनाच का गाठले जाते तेही समजते : त्यांचे संगणक ताकदवान असतात, आणि ते तापले तरी कोणाला नवल वाटत नाही. या मायनरांचे आवडते चलन मोनेरो आहे, कारण त्याचे खाणकाम साध्या प्रोसेसरवरही परवडते आणि त्याच्या व्यवहारांचा माग काढणे कठीण जाते.

या प्रकारातले सर्वांत अभ्यासनीय उदाहरण म्हणजे 'क्रॅकोनॉश'. अवास्ट कंपनीने जून २०२१मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. जीटीए ५, एनबीए २के१९, फार क्राय ५, द सिम्स ४ अशा गेमच्या क्रॅक केलेल्या प्रतींतून ते पसरले होते. संगणक काही वेळा चालू-बंद होईपर्यंत ते थांबे, मग विंडोज सेफ मोडमध्ये, म्हणजे किमान आवश्यक भागांसह, सुरू होईल अशी व्यवस्था करी, आणि त्या अवस्थेत अँटिव्हायरस चालत नसल्याचा फायदा घेऊन डिफेंडर काढून टाकी व विंडोजचे अपडेट बंद करी. त्यानंतर डिफेंडरच्या जागी ते हिरव्या खुणेचे नकली चिन्ह बसवी, जेणेकरून सगळे ठीक असल्याचे भासावे. २०१८पासून त्याने २,२२,०००हून अधिक संगणक बाधित केले आणि २० लाख डॉलरांहून अधिक किमतीचे मोनेरो मिळवले, असा अवास्टचा हिशोब होता.

म्हणून कोपऱ्यातल्या चिन्हावर विश्वास न ठेवता विंडोज सिक्युरिटी प्रत्यक्ष उघडावे, डिफेंडरचे अपडेट आजचे किंवा कालचे आहे का ते पाहावे, आणि वगळलेल्या फोल्डरांची यादी तपासावी. आपण न टाकलेले फोल्डर त्या यादीत दिसले, तर आणखी पुराव्याची वाट पाहू नये.

प्रश्न : व्हर्च्युअल मशीनमध्ये किंवा विंडोज सँडबॉक्समध्ये आधी चालवून पाहिले तर?

ही दोन्ही संगणकाच्या आत बाकीच्यापासून वेगळा ठेवलेला आभासी संगणक तयार करणारी साधने आहेत. मालवेअरचा अभ्यास करणारे हेच करतात, म्हणून मालवेअर लिहिणाऱ्यांनीही त्याची तजवीज केलेली असते. आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत असे दिसले की अनेक मालवेअर मुकाट बसून राहतात, आणि तुम्ही पाहून खात्री केलीत ती त्यांनी धारण केलेल्या मौनाची. शिवाय मोठे गेम व्हर्च्युअल मशीनमध्ये धड चालत नाहीत, म्हणजे शेवटी तीच फाइल खऱ्या संगणकावर चालवावी लागते. विंडोज सँडबॉक्स होम आवृत्तीत मिळत नाही. निव्वळ गेमसाठी वेगळा संगणक ठेवला, त्यावर एकही महत्त्वाचे खाते उघडले नाही आणि तो घरच्या नेटवर्कपासून दूर ठेवला, तर नुकसान मर्यादित राहते. परंतु एवढी शिस्त पाळणारे घर दुर्मिळ असावे.

प्रश्न : मोबाइलवरच्या मॉड केलेल्या एपीकेबाबतही हेच लागू होते का?

एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, आणि मॉड केलेली म्हणजे कोणी तरी फेरफार केलेली. होय, आणि तिथे काम आणखी सोपे आहे. एपीके उलगडून त्यात स्वतःचा कोड घालणे आणि ती पुन्हा बांधून आपल्या स्वाक्षरीने प्रसृत करणे यासाठी लागणारी साधने सहज मिळतात. स्वाक्षरी बदलल्यामुळेच अशी एपीके मूळ ॲपवर अपडेट म्हणून बसत नाही आणि 'आधी मूळ ॲप काढा' असे सांगावे लागते. पोकेमॉन गो जुलै २०१६मध्ये मोजक्याच देशांत आला, तेव्हा बाकीच्या जगात त्याच्या एपीके हातोहात फिरू लागल्या. त्यांतल्या एकीत 'ड्रॉइडजॅक' हे फोनचा दूरून ताबा घेणारे साधन घातलेले प्रूफपॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना आढळले. गेम मात्र त्यात व्यवस्थित चालत होता. डिसेंबर २०२०मध्ये सायबरपंक २०७७च्या अँड्रॉइड आवृत्तीच्या नावाखाली फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम पसरला. त्या गेमची अँड्रॉइड आवृत्ती निघालेलीच नव्हती, एवढे ज्याला माहीत होते तो सुटला.

एखाद्या गेमने ॲक्सेसिबिलिटी सेवा (दिव्यांगांच्या सोयीसाठी असलेली, पडद्यावरचे वाचू व दाबू शकणारी), एसएमएस वाचणे किंवा इतर ॲप बसवण्याची परवानगी मागितली, तर तिथेच थांबावे. गेमला यांतल्या कशाचीही गरज नसते.

प्रश्न : अधिकृत दुकानांतूनही मालवेअर आल्याच्या बातम्या वाचतो. मग पैसे मोजून मिळते काय?

बातम्या खऱ्या आहेत. फेब्रुवारी २०२५मध्ये स्टीमवर 'पायरेटफाय' नावाचा एक फुकट गेम आला, त्यात 'विदार' हा इन्फोस्टीलर होता. जून २०२३मध्ये माइनक्राफ्ट या गेमचे काही मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी बनवलेल्या जोडण्या, 'फ्रॅक्चरायझर' नावाच्या मालवेअरने बाधित झाले, आणि ते कर्सफोर्जसारख्या प्रतिष्ठित जागेवरून वाटले गेले. तेव्हा अधिकृत म्हणजे निर्धोक, असे हे सदर म्हणणार नाही.

फरक पडतो तो नंतर. पायरेटफायचा प्रकार उघड झाल्यावर, म्हणजे तो गेम दुकानात आल्यापासून साधारण आठवड्याभराच्या आत, स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तो काढून टाकला आणि ज्यांनी ज्यांनी तो चालवला होता त्यांना थेट कळवले. ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवण्याचा विचार करावा, असेही त्यांना सांगितले. टोरेंटवरून घेतलेल्या गेमबाबत असे पत्र पाठवणारे कोणीच नसते. मोठ्या दुकानात धोका अपवाद असतो, आणि तिथे अँटिव्हायरस चालू ठेवूनच गेम चालतो, म्हणजे इशारा आलाच तर त्याला अर्थ उरलेला असतो. पहिल्या प्रश्नातला खेळणारा जे गमावतो ते हेच.

गेम घेऊन पाहायचा पण फसायचे नाही, अशी अडचण असेल तर स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत मागता येतात. एपिक गेम्स स्टोअर २०१८पासून नियमितपणे काही गेम फुकट देते. जीओजी या दुकानातले गेम परवाना तपासणाऱ्या कुलपाविना मिळतात, म्हणून तिथे क्रॅकचा प्रश्नच येत नाही. चीट आणि ट्रेनर (गेममधले आयुष्य, पैसे वगैरे हवे तसे वाढवणारे प्रोग्रॅम) यांच्यापासून मात्र, गेम विकत घेतलेला असला तरी, दूरच राहावे. ऑगस्ट २०१९मध्ये फोर्टनाइटसाठीचा चीट म्हणून वाटला गेलेला 'सिर्क' हा प्रत्यक्षात खंडणीखोर प्रोग्रॅम होता.

प्रश्न : क्रॅक केलेला गेम चालवून झाला आहे. आता नेमके काय करावे?

सर्वांत आधी त्या संगणकाचे इंटरनेट तोडा, आणि पुढची सगळी कामे दुसऱ्या, विश्वासाच्या उपकरणावरून करा. बाधित संगणकावर बसून पासवर्ड बदलणे म्हणजे नवा पासवर्डही त्याच हातात देणे होय. घाबरलेल्या माणसाकडून नेमके हेच घडते.

सुरुवात मुख्य ईमेलपासून करावी, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. पासवर्ड बदला आणि लगेच 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय वापरा. हा दुसरा भाग बरेच जण विसरतात, आणि काही सेवांमध्ये पासवर्ड बदलला तरी चोरलेली कुकी चालू राहू शकते. त्याच खात्यात, पुनर्प्राप्तीचा फोन क्रमांक किंवा ईमेल कोणी बदलला आहे का, आणि तुमची पत्रे परस्पर दुसरीकडे पाठवणारा एखादा नियम घातला आहे का, तेही पाहा. मग बँक, कार्डे, समाजमाध्यमे, गेमची खाती या क्रमाने जा. कार्डाचे तपशील ब्राउझरमध्ये साठवलेले असतील तर बँकेला कळवून ते कार्ड बदलून घ्या. क्रिप्टो वॉलेट त्या संगणकावर असेल तर नव्या वॉलेटमध्ये रक्कम हलवणे हे ईमेलच्याही आधी करावे, कारण तिथे गेलेली रक्कम परत मिळवून देणारे कोणी नसते.

संगणकाचे काय करावे, यावर मते भिन्न आहेत. डिफेंडरची ऑफलाइन तपासणी करून भागते असे काही जण सांगतात. फाइल नुसती डाउनलोड झाली होती आणि चालवली नव्हती, तर ते मान्य आहे. पण ती प्रशासकाच्या अधिकाराने चालवली असेल, तर या सदराचा सल्ला स्पष्ट आहे : विंडोज नव्याने बसवा, आणि त्यासाठीची यूएसबी दुसऱ्या संगणकावर, मायक्रोसॉफ्टच्या साधनानेच तयार करा. तपासणीत काही न सापडणे आणि काही नसणे यांत किती अंतर आहे, ते क्रॅकोनॉशच्या उदाहरणात दिसलेच आहे. छायाचित्रे, कागदपत्रे, गाणी यांची प्रत काढून ठेवायला हरकत नाही. प्रोग्रॅम, इन्स्टॉलर आणि तो गेम मात्र पुन्हा आणू नका.

फाइलींची नावे बदलून त्यांना अनोळखी प्रत्यय लागलेले दिसत असतील तर तो खंडणीखोर प्रोग्रॅम आहे. क्रॅक आणि की-जनरेटर (खोटा परवाना क्रमांक तयार करणारे प्रोग्रॅम) यांच्यामार्फत वर्षानुवर्षे पसरलेल्या 'स्टॉप' ऊर्फ 'जावू' या कुटुंबासाठी एमसिसॉफ्टने ऑक्टोबर २०१९मध्ये एक मोफत उलगडणारे साधन प्रसिद्ध केले. ते जुन्या आवृत्त्यांवर बऱ्यापैकी आणि नव्या आवृत्त्यांवर काही विशिष्ट परिस्थितीतच चालते. त्यामुळे फाइली आज उलगडल्या नाहीत तरी त्यांची प्रत जपून ठेवावी.

प्रश्न : मला हवा असलेला गेम फार जुना आहे आणि तो कुठेच विकत मिळत नाही. अशा वेळी तरी दुसरा मार्ग आहे का?

बऱ्याचदा असतो. जीओजीवर जुन्या गेमचा मोठा संग्रह आहे, तो आधी पाहावा. स्कमव्हीएम या मुक्त प्रोग्रॅमवर अनेक जुने साहसी गेम चालतात, आणि हक्कधारकांनी मोफत खुले केलेले 'बिनीथ अ स्टील स्काय'सारखे काही गेम त्याच्याच संकेतस्थळावर मिळतात. ओपनटीटीडीसारख्या, जुना गेम नव्याने लिहिणाऱ्या मुक्त प्रकल्पांत तर मूळ गेमची एकही फाइल लागत नाही. तुमच्याकडे जुनी सीडी असेल, तर तिच्यातल्या फाइली स्कमव्हीएमला किंवा जुने डॉस गेम चालवणाऱ्या डॉसबॉक्स या प्रोग्रॅमला द्याव्यात आणि इंटरनेटवरचा तयार, 'नव्या विंडोजसाठी जुळवलेला' इन्स्टॉलर टाळावा. गेम तोच असला तरी त्याच्याभोवतीचा तो इन्स्टॉलर अनोळखी माणसाने नव्याने लिहिलेला असतो. डॉसबॉक्समध्ये मात्र संपूर्ण सी ड्राइव्ह जोडू नका, गेमचे एक फोल्डर तेवढे जोडा.